तालमीतला भरवसा, हॉस्टेलमधली प्रश्नावली

खिशाला परवडेल असं पौष्टिक खाणं तुम्हाला कितपत शोधता येतं? दिवसभरात पुरेसं पाणी पिणं जमतं? गुण द्या, 0 ते 4. आरोग्याच्या सवयी सांभाळण्याबद्दल माणसाला स्वतःवर किती भरवसा आहे, हे मोजणारी अशी 28 प्रश्नांची प्रश्नावली 1993 साली अमेरिकेत तयार झाली. आहार, व्यायाम, मनाचं स्वास्थ्य आणि तब्येतीची जबाबदारी, प्रत्येकी 7 प्रश्न.

तिच्या मुळाशी आहे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांची या भरवशाबद्दलची 1977 मधली मांडणी. सापाला घाबरणाऱ्यांवर त्यांनी प्रयोग केले. दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं बघणाऱ्यांपेक्षा, आधी हातमोजा घालून आणि मग उघड्या हाताने स्वतः साप धरणाऱ्यांचा भरवसा अधिक वाढला. भरवसा येतो कुठून, याचे त्यांनी चार झरे सांगितले: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, कुणी धीर देणं आणि आपल्याच अंगातली धडधड किंवा शांतपणा. उपदेशाचा नंबर तिसरा. हॉस्टेलच्या भिंतीवर आरोग्याची पोस्टरं लावणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

वडोदऱ्यातल्या तालमीत घाम गाळलेल्याला यात नवल वाटणार नाही. नव्या पोराला वस्ताद आधी झेपतील तेवढेच जोर मारायला लावतो, अंग दुखायचं थांबलं की दोन वाढवतो. शेजारी त्याच्याच वयाचा पोरगा मलखांबावर चढत असतो. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात या शहरात व्यायामाला राजाश्रय होता. वस्ताद जुम्मादादांचे शिष्य, व्यायामगुरू राजरत्न माणिकराव इथलेच, आणि मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे खंडही इथूनच निघाले.

1949 मध्ये बडोदा कॉलेजचं विद्यापीठ झालं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. गृहविज्ञान आलं, पोषणशास्त्र वर्गात शिकवलं जाऊ लागलं. तालीम मात्र गल्लीतच राहिली. (माझ्या मते चूक इथेच झाली.) आज जळगाव-धुळ्याहून इथल्या हॉस्टेलमध्ये आलेल्या मुलाला प्रथिनं कशात असतात ते पाठ असतं, पण मेस बंद झाल्यावर रात्री अकराला समोर असते सेव-उसळ.

म्हणून असल्या प्रश्नावलीचे आकडे वाचताना ती कधी भरून घेतली, हे आधी विचारावं. जूनमध्ये चार गुण देणारा मुलगा परीक्षेच्या आठवड्यात दोनावर येऊ शकतो. प्रथिनांचं त्याचं ज्ञान तेवढंच असतं, फक्त धडधड वाढलेली असते.