हस्तलिखित स्वतःलाच पोस्टाने पाठवलं की कॉपीराइट मिळतो?

प्रेमकथेत रहस्य गुंफणाऱ्या नव्या लेखकांना हा सल्ला हमखास मिळतो: हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टाने पाठवा, पाकीट फोडू नका, कॉपीराइट तुमचा.

प्रत्यक्षात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मूळ लेखन कागदावर उतरलं की हक्क तिथेच निर्माण होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. केलीत तर कलम ४८ नुसार ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. बंद पाकिटाला कायद्यात असं स्थान नाही. शिवाय पाकीट हलकेच चिकटवलेलं असेल, तर आतली पानं नंतरही बदलता येतात. त्यापेक्षा खाडाखोड केलेले, तारीख घातलेले कच्चे खर्डे जपा. माझ्या मते तेच जास्त बोलकं. आणि ‘नवराच खुनी निघतो’ ही नुसती कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, ती रंगवणारी तुमची वाक्यं तुमची असतात. खात्रीसाठी कलम १३, ४५ आणि ४८ स्वतः वाचा. कायदा मोफत उपलब्ध आहे.