छोट्या ट्रॅक्टरची गावात घडणारी अवजारे : सोलापूर जिल्ह्याची पार्श्वभूमी

छोट्या ट्रॅक्टरला लागणारी अवजारे गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात करून घेण्याची पद्धत सोलापूर जिल्ह्यात रूढ झाली आहे आणि तिच्याकडे बहुधा पैसे वाचवण्याची युक्ती म्हणून पाहिले जाते. पैसे वाचतात हे खरेच. पण या पद्धतीचे मूळ ट्रॅक्टरच्याही आधीच्या काळात आहे आणि ते लक्षात घेतल्याशिवाय आजची अवजारे अशीच का घडतात, हे कळत नाही.

बैलांच्या काळात कुळव (जमीन वरवर कापून भुसभुशीत करणारे अवजार) किंवा पाभर (पेरणीचे अवजार) तयार मिळत नसे. सुतार बाभळीच्या लाकडाचे दिंड, म्हणजे अवजाराचा मुख्य आडवा ओंडका, तासून देई, लोहार कुळवाची पास (आडवे लोखंडी पाते) आणि पाभरीचे फण (माती फाडणारे दाते) घडवून देई, आणि मापे ठरत ती त्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून व बैलांच्या ताकदीवरून. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या जमिनीत खिलार बैलजोडीला जी पास पेलते ती सांगोल्याच्या मुरमाड रानात उपयोगाची नसते. ज्वारीच्या पेरणीत तर चूक परवडतच नाही, कारण रब्बीचे बी वरच्या कोरड्या थरात पडले तर उगवत नाही. ते खाली ओलीवरच पडावे लागते. सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, आणि बियाणे व खत एकाच वेळी पेरणारी दोन चाड्यांची (बी-खत सोडण्याच्या वाट्यांची) पाभर, ४५ सेंटिमीटरवरच्या ओळी, पावसाचे पाणी जागीच अडवणारे सारे, म्हणजे वरंब्यांनी पाडलेले वाफे, या आज सर्वमान्य असलेल्या शिफारशी त्याच परंपरेतल्या आहेत. अवजाराचे माप हा पिकाचाच भाग आहे, ही समज इथे अशी जुनी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभी आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर कारखान्यातून येऊ लागला, तरी कुळव, कोळपे (उभ्या पिकातले तण काढणारे अवजार) आणि पाभर मात्र गावातच घडत राहिली. माझ्या मते याचे कारण स्पष्ट आहे : नांगर थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतो, तर पेरणीचे आणि आंतरमशागतीचे अवजार शिवारागणिक बदलते.

ट्रॅक्टर आल्यावर ही परंपरा खंडित व्हायला हवी होती. ती झाली नाही, याचे श्रेय आयरिश अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी केलेल्या, ट्रॅक्टरला अवजार जोडण्याच्या रचनेला द्यावे लागेल. फर्ग्युसन यांनी १९२६ मध्ये पेटंट घेतलेली आणि १९३९ च्या फोर्ड ट्रॅक्टरपासून सर्वत्र पसरलेली तीन बिंदूंची जोडणी म्हणजे खाली दोन बाहू आणि वर एक टॉपलिंक, म्हणजे वरचा जोडदांडा. अवजार मागे नुसते ओढले न जाता ट्रॅक्टरचा भाग बनते, हायड्रॉलिकने उचलले जाते आणि जमिनीचा विरोध मागच्या चाकांवर भार म्हणून उतरतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करतो. पुढे या जोडणीची मापे ट्रॅक्टरच्या ताकदीप्रमाणे श्रेणी पाडून प्रमाणित झाली. पहिल्या श्रेणीत खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची असते. खालच्या दोन बिंदूंतील अंतर ६८३ मिलिमीटर आणि वरच्या बिंदूची उंची ४६० मिलिमीटर असते. फारच छोट्या ट्रॅक्टरांची श्रेणी आणखी लहान मापांची असते. एवढे आकडे सांभाळले की पुढची चौकट कोणीही आपल्या गरजेप्रमाणे उभी करू शकतो. गावच्या कारागिराला याहून मोठी देणगी कोणत्याही कंपनीने दिलेली नाही.

सोलापुरात छोट्या ट्रॅक्टरची निकड निर्माण केली ती बागांनी. नान्नजसारख्या भागात द्राक्षबागा वाढल्या, सांगोल्याच्या हलक्या जमिनीत डाळिंब रुजले, आणि नऊ-दहा फुटांच्या ओळींतून मंडपाखाली मोठा ट्रॅक्टर फिरेना. व्हीएसटी कंपनीचा साडेअठरा अश्वशक्तीचा मित्सुबिशी शक्ती आणि पुढे महिंद्राचा पंधरा अश्वशक्तीचा युवराज यांनी ही जागा भरली. ट्रॅक्टर बागेत शिरला. मात्र बाजारातली अवजारे मोठ्या ट्रॅक्टरच्या रुंदीची होती, आणि शेतकरी पुन्हा कारागिराकडे वळला.

कामाची रीत पाहण्यासारखी आहे. चौकटीसाठी चौकोनी पाइप किंवा चॅनेल घेतात, आणि कुळवाच्या पाशीसाठी भंगारात मिळणारा ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पट्टी) कापून घेतात, कारण हे पोलाद झिजेला टिकते. परंतु त्यात कार्बन जास्त असल्याने साध्या वेल्डिंगने जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो आणि दगड लागताच तिथेच तडकतो. जाणता कारागीर म्हणूनच पास थेट न जोडता साध्या लोखंडाच्या जानावळ्यांना, म्हणजे पास धरणाऱ्या उभ्या दांड्यांना, नटबोल्टने कसतो. झिजली की तेवढीच बदलता येते. सारे पाडणारे सारायंत्र त्याहून सोपे आहे : पुढे रुंद व मागे अरुंद होत जाणारे दोन पत्रे माती गोळा करून मधोमध वरंबा सोडतात, आणि दोन्ही पत्र्यांतले अंतर बदलले की वरंब्याची जाडी बदलते.

जिथे पीटीओवरून, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवरून, ताकद घ्यावी लागते तिथे मात्र हे काम गावात होऊ नये, असे मला ठामपणे वाटते. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या शाफ्टवर संतुलन नसलेली पाती किंवा झाकण नसलेला सांधा बसवला, तर सैल धोतराचा किंवा साडीचा काठ अडकायला क्षणही पुरतो. हायड्रॉलिकच्या उचलण्याच्या क्षमतेबाबतही असेच जपावे लागते. पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची सातशे-आठशे किलोंची क्षमता ही बाहूंच्या टोकाशी मोजलेली असते. अवजार जितके मागे लांबेल तितकी ती घटते आणि पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सुटते.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून मिळणारे अनुदान मान्यताप्राप्त संस्थेत तपासणी झालेल्या अवजारांनाच आहे. त्यामुळे पीटीओवर चालणारे रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे यंत्र) आणि ब्लोअर (बागेतले फवारणी यंत्र) कंपनीचे घेतले जातात, तर कुळव, सारायंत्र आणि पाभरीची चौकट अनुदानाविना गावातच घडते.