जेरबंद

डोके वर फेकून लगामाला न जुमानणाऱ्या घोड्याची मान आवाक्यात ठेवणारा चामडी पट्टा. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली, ‘बंद’ म्हणजे बांधणारा. बिबट्या किंवा चोर ‘जेरबंद’ झाल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तो शब्द घोड्याच्या साजातून आला, हे पागेबाहेर फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ‘जेरीस आणणे’ यातला जेर तोच.

घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदातांची जागा असते. कडियाळे, म्हणजे लगामाला जोडलेला तोंडातला धातूचा दांडा, तिथे, जिभेवर आणि हिरडीवर बसते. मान ठिकाणावर असली की स्वाराच्या बोटांचा हलका दाबही तिथे पोचतो. तापट जनावर यातली पळवाट लवकर शोधते. तोंड आभाळाकडे केले की कडियाळे दाढांकडे सरकते, ओढ ओठांच्या कोपऱ्यांवर जाते आणि ताबा सुटतो. पाठ खोलगट होते, मागचे पाय रेंगाळतात, स्वाराची बैठक खिळखिळी होते. पुढे वाकलेल्या स्वाराच्या नाकावर घोड्याचे टाळके आदळते ते वेगळेच.

याला खोडी म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात, पण आधी तोंड तपासावे. दाढांच्या धारदार झालेल्या कडा, पहिल्या दाढेपुढचा बारका खुंटदात, पाठीला काचणारे खोगीर, यांपैकी काहीही कारण असू शकते. स्वाराचा जड हात हे तर नेहमीचेच. घाबरून लगाम ओढला की घोडा डोके आणखी वर नेतो, मग स्वार आणखी ओढतो.

कोपर, मूठ आणि कडियाळे एका रेषेत राहायला हवे. म्हणून डोके वर गेले तर हातही वर न्यायचे. नवशिके नेमके ते खाली दाबतात. मोठ्या गोलात दुडक्या चालीने फिरवत आतल्या पायाने रेटा द्यायचा आणि मान उतरताक्षणी बोटे सैल करायची. ती सैल सोडणेच घोड्याला मिळणारे बक्षीस. इ. स. पू. चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन याने घोड्याजवळ रागाच्या भरात जाऊ नये, असे बजावले आहे ते इथे फार लागू पडते.

जेरबंद तंगापासून, म्हणजे खोगीर आवळणाऱ्या पोटाखालच्या पट्ट्यापासून, निघून पुढच्या पायांमधून वर येतो. एका प्रकारात तो थेट नाकपट्ट्याला बांधतात. पोलोच्या घोड्यांवर हाच दिसतो. दुसऱ्यात त्याचे दोन फाटे होतात, त्यांच्या टोकांच्या कड्यांतून लगाम ओवतात, आणि डोके मर्यादेबाहेर गेले तरच त्याचा दाब येतो. ही कडी कडियाळ्यात अडकू नयेत म्हणून लगामावर रबरी किंवा चामडी अटकाव हवेतच. नाकपट्ट्याचा जेरबंद वर उचलल्यावर गळ्यापर्यंत पोचावा. त्याहून आखूड असेल तर अडथळ्यावरून उडी मारताना घोड्याला मान लांबवता येत नाही. ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याची शिकवण आणि चाल जोखणाऱ्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन्ही प्रकार वर्ज्य आहेत, आणि ते रास्तच: तिथे मान पट्ट्याने नव्हे, शिकवणीने उतरलेली दाखवायची असते.

काटेरी कडियाळे हा आपल्याकडचा जुना, क्रूर तोडगा. त्याने घोडा थांबतो, पण दुखऱ्या तोंडामुळे डोके आणखी उडवू लागतो. भारतात ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनी अशा काटेरी कडियाळ्यांना बंदी घातली आहे.