घाम सुकत नाही तेव्हा: योग्याकार्ताचा उकाडा आणि राजवाड्याचा मांडव

ओळखीतलं कुणी इंडोनेशियाला निघालं की हमखास मोबाइलवर हवामान बघून सांगतं, "योग्याकार्ताला बत्तीसच डिग्री दाखवतंय. आपण नागपूरचा मे काढलेली माणसं!" हा गैरसमज मला फार छळतो, कारण तो बाळगून भर दुपारी तिथल्या प्राम्बानानच्या देवळांच्या उघड्या आवारात उभी राहिलेली माणसं खरोखर आजारी पडतात. तापमापक हवेचं तापमान सांगतो. शरीराला मात्र आपला घाम सुकतोय की नाही, याची जास्त काळजी असते.

एक ग्रॅम घामाची वाफ होताना तो त्वचेतून साधारण ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. तेवढ्या उष्णतेत जवळपास सहा ग्रॅम बर्फगार पाणी उकळीला येईल! पण ही किमया घाम सुकला तरच घडते. कपाळावरून ठिबकून दगडावर पडलेला थेंब शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, गारवा मात्र देत नाही.

आता घाम किती वेगाने सुकेल? त्वचेलगतच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यांत जितका फरक, तितका वेग जास्त. घामाने भिजलेल्या ३५ अंशांच्या त्वचेलगत हा दाब पाऱ्याच्या ४२ मिलिमीटरइतका असतो. हवा ३२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेतल्या वाफेचा दाब २५ मिलिमीटर भरतो. फरक उरला १७. नागपुरात ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरा: हवेतला दाब जेमतेम १०, म्हणून फरक ३२. म्हणजे वारा सारखाच असेल, तर नागपुरात घाम जवळजवळ दुप्पट वेगाने सुकतो. तिथली हवा त्वचेहून गरम असल्याने उलट शरीरालाच तापवते, उष्माघाताने जीव जातात, ते खरंच आहे. पण योग्याकार्ता ज्या बेटावर आहे त्या जावात शरीराचं मुख्य हत्यारच बोथट होतं, आणि आकडा बत्तीसचा असल्याने ते आपल्या ध्यानात येत नाही.

त्यात सूर्य. योग्याकार्ता विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर आहे. आपल्याकडे मे महिन्यात ज्याची बातमी होते तो शून्य सावलीचा दिवस इथे फेब्रुवारीच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या मध्याला येतो. प्राम्बानानची देवळं आणि बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप, दोन्ही नवव्या शतकातली, अँडेसाइटची. हा ज्वालामुखीचा करडा दगड, आपल्या बेसाल्टचा चुलतभाऊ. उन्हात तो हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि अवरक्त किरणांनी ती उष्णता आपल्याकडे फेकतो. बोरोबुदूरच्या माथ्यावर, त्या ७२ जाळीदार स्तूपांमध्ये, वरून ऊन आणि चहूबाजूंनी दगड, असा दुहेरी मारा होतो.

मग प्राम्बानानच्या ४७ मीटर उंच शिवमंदिराच्या गाभाऱ्यात गार का वाटतं? दिवसभराच्या उन्हाची उष्णतेची लाट दगडात शिरताना विरत जाते. साधारण १५ सेंटिमीटर खोलीवर ती एक तृतीयांश उरते, अर्ध्या मीटरवर जवळजवळ नाहीशी होते. भिंती त्याहून जाड असल्या की आतल्या बाजूला दुपार पोचतच नाही. या गारव्याला 'प्राचीन मंदिरांची दिव्य ऊर्जा' म्हणणारे संदेश आपल्याकडे फिरतात, ते कृपया पुढे पाठवू नका. एका रात्रीत हजार देवळं मागणाऱ्या राजकन्या रोरो जोंग्ग्रांगची तिथली दंतकथा मला आवडते, ती दंतकथा म्हणूनच. पण ही देवळं माणसांनी, दगडावर दगड चढवून बांधली, आणि त्या कारागिरांचं श्रेय कुठल्याही ऊर्जेला देऊ नये.

माझा सगळ्यात लाडका भाग मात्र शहरातच आहे: सुलतानांचा क्रातोन, राज्याची वाटणी करणाऱ्या १७५५ च्या तहानंतर इथल्या पहिल्या सुलतानाने, पहिल्या हामेंकुबुवोनोने बांधलेला राजवाडा. इथे दरबार भरतो तो पेंडोपोत, म्हणजे खांबांवरच्या, बिनभिंतींच्या मंडपात. शब्दही संस्कृत 'मंडप'वरूनच आलेला, म्हणजे आपल्या मांडवाचा सख्खा भाऊ. मुख्य मंडपाचं नाव बांग्साल कंचोनो. त्यातला 'कंचोनो' म्हणजे आपलं कांचन. मधोमध उंच चढलेल्या छपरात गरम हवा वर साठते. उतरत्या वळचणी आजूबाजूच्या जमिनीवरही सावली धरतात, त्यामुळे तापलेल्या जमिनीचे किरण आत बसलेल्या माणसापर्यंत फारसे पोचत नाहीत. भिंत नसल्याने बारीकशी झुळूकही आरपार जाते आणि त्वचेलगत साचलेला वाफेचा थर उडवून लावते. हवेचं तापमान किंवा आर्द्रता पेंडोपो जवळपास बदलत नाही. तो फक्त किरणं अडवतो आणि वारा येऊ देतो. बाहेर अंगणात वाळू पसरलेली, आणि सावो केचिकची झाडं, चिकूच्याच कुळातली.

म्हणून दिवसाचा क्रम असा लावा: सकाळी दारं उघडताच प्राम्बानान किंवा बोरोबुदूर, ऊन चढू लागलं की क्रातोन. राजवाडा दुपारी लवकर बंद होतो, तेव्हा देवळातून वेळेत निघा. पेंडोपोच्या कडेला, वळचणीच्या सावलीत पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि मानेवरचा घाम सुकताना जाणवतो का पाहा.