अर्जुन पुरस्कार: अर्ज कोण करू शकतं, कागद कोणते लागतात

डिसेंबर 2024 मध्ये खेलरत्न या देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराच्या नावांची चर्चा सुरू झाली, तेव्हा पॅरिसमध्ये दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेल्या नेमबाज मनू भाकरचं नाव त्यात दिसेना. बराच गदारोळ झाला. शेवटी तिनेच सांगितलं की अर्ज भरताना कदाचित आपल्याकडूनच काही राहिलं असावं. पुढे जानेवारी 2025 मध्ये तिला खेलरत्न मिळालंही. पण दोन ऑलिंपिक पदकांनंतरही अर्जाचा विषय निघतोच, हे अर्जुनसाठी अर्ज करतानाही लक्षात ठेवा.

अर्जुन पुरस्कार 1961 पासून दिला जातो. सन्मानपत्र, अर्जुनाची छोटी मूर्ती आणि 15 लाख रुपये (2020 आधी 5 लाख होते). मागच्या चार वर्षांतली आंतरराष्ट्रीय कामगिरी पाहिली जाते, शिवाय खिलाडूवृत्ती, नेतृत्व आणि शिस्तही. मुख्य भर पदकांच्या गुणांवर असतो: ऑलिंपिक, पॅरालिंपिक, जागतिक, आशियाई, राष्ट्रकुल. देशी खेळांनाही दार बंद नाही. धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये खो-खोसाठी, तर सागर ओव्हाळकरला 2022 मध्ये मल्लखांबासाठी अर्जुन मिळाला. डोपिंगची चौकशी चालू असेल तर मात्र अर्ज पुढे सरकत नाही.

पूर्वी आपल्या खेळाच्या संघटनेची शिफारस आणायला खेटे घालावे लागत. आता खेळाडू स्वतः केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करू शकतो. संघटनेनेही नाव पाठवलं तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर बसू नका. पुरस्कार 29 ऑगस्टच्या क्रीडा दिनाशी जोडलेले असले तरी हल्ली अर्ज सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान मागवले गेलेत, आणि 2023 व 2024 च्या पुरस्कारांचा सोहळा तर पुढच्या जानेवारीत झाला. तेव्हा परिपत्रकातली तारीख पाहा, गेल्या वर्षीची धरून चालू नका.

खरी मेहनत कागदांची. आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो हे घरात सापडतं. प्रमाणपत्रांचं तसं नाही. समजा आधारवर ‘सायली राजेंद्र पाटील’ आहे आणि स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ‘पाटील एस. आर.’. ही दोन्ही नावं एकाच सायलीची आहेत, हे दाखवायला संघटनेचं पत्र लागेल, आणि ते मुदतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही. दुसरं, आपल्याकडे प्रमाणपत्र हातात पडलं की आधी लॅमिनेट करायची हौस. मग स्कॅनमध्ये नेमकी तारखेवरच चकाकी येते. लॅमिनेशनआधी स्कॅन करा. प्रत्येक पदकासोबत त्या स्पर्धेचा अधिकृत निकालही जपा. स्पर्धा सीनियर गटाची की ज्युनियर, वैयक्तिक की सांघिक, हे बऱ्याच प्रमाणपत्रांवर लिहिलेलंच नसतं आणि गुण तर त्यावरच ठरतात.

अर्जात पदकांची यादी भरताना स्पर्धेचं नाव प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा. ‘एशियन चॅम्पियनशिप’ आणि ‘एशियन गेम्स’ यांत गल्लत झाली तर छाननीत प्रश्न येणारच. सबमिट केल्यावर पोचपावती डाउनलोड करून ठेवा. ड्राफ्ट सेव्ह केला म्हणजे अर्ज गेला असं नसतं. पुढे निवड समिती नावं सुचवते आणि अंतिम निर्णय मंत्रालयाचा.

एक गोंधळ नेहमी होतो: शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार हा वेगळा. तो राज्य सरकारचा, अर्ज पुण्याच्या क्रीडा व युवक सेवा संचालनालयाकडे, नियम आणि मुदतही वेगळी. दिल्लीला पाठवलेला अर्ज पुण्याला चालत नाही, दोन्हीकडे स्वतंत्र भरावा लागतो.