गाभडणाऱ्या गाईचा जिवाणू आणि त्याचे मवाळ भाऊबंद

सातव्या महिन्यातली गाभण गाय अचानक गाभडते. ती पडलेली नसते, कुणी मारलेलं नसतं. वासरू मेलेलं, वार अडकलेली आणि जागोजागी चामड्यासारखी जाड झालेली. हे पाहिलं की पशुवैद्याला आधी शंका येते ती ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ साली त्यामागचा जिवाणू शोधला. ब्रुसेला अबॉर्टस हे त्याचं आजचं नाव. कच्च्या दुधातून किंवा उघड्या हातांनी वार काढताना तो माणसातही शिरतो, आणि मग ताप, घाम, सांधेदुखी महिनोन्‌महिने पिच्छा सोडत नाही.

याच जिवाणूपासून कालवडींना वाचवणारी लसही बनली आहे. १९२३ साली अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून या जिवाणूचा एक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, वेगळा केला. तो नळीत साध्या तापमानाला वर्षभर पडून राहिला, आणि नंतर तपासला तर त्याची मारकशक्ती जवळजवळ गेलेली! हाच जिवंत जिवाणू पुढे ‘एस १९’ नावाने जगभर लस म्हणून वापरला गेला.

त्या वर्षभरात नळीत नेमकं काय बदललं असेल? ब्रुसेलाचा जनुकसंच डीएनएच्या सुमारे ३३ लाख अक्षरांचा, दोन गुणसूत्रांत विभागलेला. त्यातली सलग ७०२ अक्षरं एस १९ मध्ये गळालेली आढळली, आणि तीही एरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जनुकांमधली. एरिथ्रिटॉल हा साखरेच्या जातीचा पदार्थ गाईच्या वारेत भरपूर असतो, आणि ब्रुसेला तो ग्लुकोजपेक्षाही आवडीने खातो. एस १९ला मात्र तो पचत नाही, उलट त्याची वाढ खुंटते. म्हणजे वारेतलं खाणंच बंद, म्हणून जिवाणू मवाळ. कोडं सुटल्यासारखंच वाटलं.

पण ते सुटलं नव्हतं. घातक स्ट्रेनमधली ही जनुकं मुद्दाम मोडली, तरी उंदरांमध्ये तो पूर्वीइतकाच घातक राहिला. आता उंदीर म्हणजे काही गाभण गाय नव्हे, हे खरं. तरीही डोळ्यांत भरणाऱ्या फरकालाच कारण मानलं की कशी फसगत होते, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २००८ साली एस १९चा पूर्ण जनुकसंच वाचून दोन घातक स्ट्रेनशी ताडून पाहिला, तेव्हा संशयित जनुकांची यादी साधारण दोन डझनांवर आली. एकच गुन्हेगार सापडला नाही.

एस १९ची एक अडचण आहे. त्याच्या अंगावरच्या साखरेच्या लांब साखळ्या रोगजंतूसारख्याच असतात. रक्तचाचणी याच साखळ्यांविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. त्यामुळे गाय लस टोचलेली आहे की आजारी, हे ठरवताना घोळ होऊ शकतो. ‘आरबी ५१’ या दुसऱ्या लसीच्या स्ट्रेनवर ही साखळीच नाही. साखळी घडवणाऱ्या एका जनुकात डीएनएचा एक उडता, म्हणजे जागा बदलणारा, तुकडा जाऊन बसला आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर, म्हणजे ठिपक्यांसारख्या पुंजक्यांवर, क्रिस्टल व्हायोलेट हा रंग ओतला, की आरबी ५१च्या वसाहती गडद जांभळ्या होतात, साखळीवाल्यांवर रंग धरत नाही. गंमत म्हणजे ते मोडलेलं जनुक पुन्हा धड करून दिलं, तरी जिवाणूच्या अंगावर साखळी उगवली नाही. म्हणजे आतमध्ये आणखीही काही बिघडलेलं होतं.

आरबी ५१ घडवताना त्याला रिफॅम्पिसिन या औषधात वाढवलं होतं, म्हणून ते त्याला मारू शकत नाही. माणसातल्या ब्रुसेलोसिसवर हेच एक महत्त्वाचं औषध आहे. म्हणून कालवड हिसका देते आणि लसीची सुई टोचणाऱ्याच्याच बोटात घुसते, तेव्हा डॉक्टरला बाटलीवरचं स्ट्रेनचं नाव सांगायलाच हवं. औषध कोणतं द्यायचं, हे त्यावर ठरतं.