थोमाच्या मनात चुकचुकलेली पाल

ईस्टरच्या दिवशी आमच्या चर्चबाहेर मांडव टाकून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडाव्या लागतात आणि पुढच्याच रविवारी आतली निम्मी बाकं रिकामी असतात. त्या रविवारचं वाचन ठरलेलं, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) अध्याय २०, आणि सर्मनही (प्रवचन) ठरलेला, संशयी थोमा, म्हणजे उठलेला येशू बाकी शिष्यांना दिसला तेव्हा तिथे नसलेला आणि बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणालेला शिष्य. मागच्या बाकावर बसणारे आमचे एक काका दरवर्षी बाहेर येऊन चपला शोधता शोधता एकच प्रश्न विचारतात, "ते सगळं ठीक आहे, पण थोमा त्या दिवशी होता कुठे?" लोक हसतात आणि चहाकडे वळतात.

मला मात्र त्या सर्मनमध्ये एक गोष्ट नेहमी खटकते. शंका आली म्हणजे विश्वास कमी पडला, भीती वाटली म्हणजे प्रार्थना कमी पडली, असं सरसकट बोललं जातं आणि मग ज्याच्या घरचं कोणी आयसीयूत आहे किंवा ज्याने महिन्यापूर्वीच आईला माती दिली आहे तो मान खाली घालून बसतो. म्हणून जरा मागे जाऊन बघावंसं वाटलं, की पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मरणातून उठल्याच्या गोष्टीत ही भीती आणि शंका आली कुठून, नंतर कोणी घुसवली की पहिल्यापासूनच होती.

तर पहिल्यापासूनच होती, आणि भरपूर होती.

मार्कचं शुभवर्तमान बायबलातल्या चारांत सगळ्यात जुनं, साधारण इ.स. ७० च्या आसपासचं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या चौथ्या शतकातल्या दोन जुन्या प्रती आहेत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस, आणि दोन्हींत हे शुभवर्तमान अध्याय १६ च्या ८ व्या वचनालाच थांबतं. मरीया मग्दालीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमी पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे जातात, धोंड बाजूला झालेली असते, आतला तरुण सांगतो की तो उठला आहे, आणि या तिघी थरथर कापत पळत सुटतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. बस्स, संपलं. एवढी मोठी बातमी आणि शेवट काय, तर बायका घाबरल्या! पुढची ९ ते २० ही वचनं नंतर जोडलेली आहेत असं आता जवळपास सगळेच मान्य करतात, आणि ती का जोडली असतील हे समजायला पंडित व्हायला नको, असा शेवट कोणालाही अर्धवटच वाटणार.

मत्तयाचं शुभवर्तमान बघा. गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य येशूला बघतात, नमन करतात, आणि त्याच वाक्यात लिहिलंय की काहींना संशय वाटला. समोर उभा आहे, आणि तरी. तिथलं ग्रीक क्रियापद अख्ख्या नव्या करारात (बायबलचा येशूविषयीचा, मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला भाग) दोनदाच येतं, मन दोन ठिकाणी असणं असा काहीसा त्याचा अर्थ, आणि दुसरी जागा म्हणजे शिष्य पेत्र पाण्यावरून चालता चालता वारा बघून बुडायला लागतो ती. तिथे क्रम बघण्यासारखा आहे, येशू आधी हात धरतो आणि मग विचारतो की अरे अल्पविश्वासी, संशय का धरलास. आधी भाषण आणि मग हात असं नाही झालं.

लूकमध्ये तर बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना, म्हणजे येशूच्या शिष्यांना, ती बडबड वाटली. ग्रीक शब्द 'लेरोस', तापात माणूस बरळतो तसलं काहीतरी. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की बायकांची साक्ष घेऊ नये, आणि इथे पहिल्या साक्षीदार बायकाच. मी हे पुरावा म्हणून पुढे करत नाहीये, तसा वाद घालणारे खूप आहेत, मला एवढंच म्हणायचंय की लिहिणाऱ्यांनी आपल्याच पुढाऱ्यांची फजिती झाकली नाही.

आता प्रश्न असा की त्यांना पटायला एवढं जड का गेलं. आपल्याला वाटतं जुन्या काळचे लोक, चमत्कार म्हटला की माना डोलवत असतील. पण तसं नव्हतं. जुन्या करारात (बायबलचा येशूआधीचा भाग) बऱ्याच ठिकाणी मेलेला माणूस शिओलात म्हणजे अधोलोकात जातो, तिथे काळोख आणि शांतता, यापलीकडे फार काही नाही. चित्र बदललं ते मुख्यतः ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, राजा अंतियोख चौथा याच्या छळात. ख्रि.पू. १६७ ला त्याने यरुशलेमचं यहुदी मंदिर भ्रष्ट केलं, नियमशास्त्र पाळणाऱ्यांना मारलं, आणि मग प्रश्न उभा राहिला की देवासाठी मेले त्यांचं काय? मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात, जे कॅथलिक बायबलमध्ये आहे आणि आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही, सात भावांची गोष्ट आहे. तिसऱ्या भावाची पाळी येते तेव्हा तो स्वतःहून हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला देवाकडून मिळाले, त्याच्याकडूनच परत मिळतील. दानीएलाच्या १२ व्या अध्यायातही मातीत निजलेले उठतील असं येतं. येशूच्या काळापर्यंत यहुद्यांच्या दोन पंथांपैकी परूशी हे मानायचे, सदूकी मानायचे नाहीत. पण जे मानायचे तेही काय मानायचे, तर शेवटच्या दिवशी सगळे एकदम उठतील. मध्येच, शुक्रवारी क्रुसावर मारलेला एकटा माणूस रविवारी उठेल, हे कोणाच्याच हिशोबात नव्हतं. रोमन सत्तेने क्रुसावर टांगला की त्या पुढाऱ्याचा विषय संपला, आणि त्याच्या माणसांनी लपून बसायचं.

म्हणूनच योहानात दार बंद आहे. पाचावर धारण बसलेली माणसं, आतून कडी लावलेली, आणि येशू मध्ये उभा राहून म्हणतो, तुम्हांला शांती असो. शालोम हे रोजचं अभिवादनच होतं, पण ज्याला सोडून पळालो तोच समोर येऊन ते म्हणतोय, कुठे होतात म्हणून विचारत नाही. मग तो त्यांना हात आणि कूस दाखवतो. त्या मक्काबी भावाने हात परत मिळतील म्हटलं होतं, इथे हात परत आले ते खिळ्यांच्या खुणांसकट. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात विचित्र आणि सगळ्यात धीर देणारी गोष्ट हीच आहे. देवाने पुसून नवंकोरं करून नाही दिलं.

आणि थोमा तेव्हा नव्हता. नंतर आला, आणि दहा जणांनी सांगितलं तरी मनातली पाल चुकचुकत राहिली. म्हणाला, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय, बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. नीट बघितलं तर बाकीच्यांना जे न मागता दाखवलं गेलं त्याहून तो फार जास्त काही मागत नाहीये, पण 'संशयी' हे बिरुद एकट्या त्याच्याच नावाला चिकटलं. हाच थोमा येशूचा मित्र लाजर मेला त्या वेळी, यहुदियात जाणं म्हणजे मरणाच्या दारात जाणं होतं तेव्हा, म्हणाला होता की चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. त्याबद्दल त्याला शूर थोमा कोणी म्हणत नाही. आठ दिवसांनी येशू पुन्हा येतो, आण तुझं बोट म्हणतो, आणि थोमा म्हणतो, माझा प्रभू आणि माझा देव. बोट घातलं की नाही ते लिहिलेलंच नाही.

मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, शंका तिथे संपली नाही. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल साधारण इ.स. ५४ च्या सुमाराला करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा तिथले काही बाप्तिस्मा घेतलेले लोकच म्हणत होते की मेलेले बिलेले उठत नाहीत. ग्रीक लोकांना शरीर परत मिळणं ही कल्पनाच किळसवाणी वाटायची, आत्मा सुटला म्हणजे झालं. पौल त्यांना मंडळीतून काढत नाही, ५८ वचनांचा एक अख्खा अध्याय लिहितो. मध्ये पारा चढतोच, 'अरे मूढा' म्हणतो, पण लगेच शेतात नेतो, दाणा पेरतोस तो मेल्याशिवाय जिवंत होत नाही. आणि स्वतःच सांगून टाकतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, आम्ही सगळ्यात कीव करण्यासारखे. सगळं एकाच खुंटीला टांगलंय हे त्याने लपवलं नाही.

मग छळाचा काळ. इ.स. १७७, गॉल प्रांतातलं लिऑन, आजचं फ्रान्स. तिथल्या मंडळीने आशियातल्या भावांना लिहिलेलं पत्र युसेबियस या जुन्या इतिहासकाराने आपल्या चर्चच्या इतिहासात उतरवून ठेवलंय, आणि त्यात नुसते वीर नाहीत. पकडल्यावर दहाएक जण घाबरून नाही म्हणाले, आम्ही ख्रिस्ती नाहीच. पत्रात हे सरळ लिहिलंय, दुःखाने. आणि पुढे हेही लिहिलंय की त्यांतले बरेच जण नंतर परत उभे राहिले. ब्लांदिना नावाची एक दासी होती, अंगाने इतकी किरकोळ की तिच्या मालकिणीला, जी स्वतः ख्रिस्ती होती, भीती वाटत होती की हिच्याच्याने काही साक्ष द्यायची होणार नाही, आणि छळणारे दमले पण ती हलली नाही. शेवटी मारणाऱ्यांनी प्रेतं सहा दिवस उघड्यावर टाकली, जाळली आणि राख रोन नदीत लोटली, कशासाठी, तर यांना पुन्हा उठायची आशाच राहू नये. म्हणजे सैनिकांनासुद्धा कळलं होतं की या लोकांची भीती नेमकी कुठे संपते.

पुढे शंकेला चर्चमध्ये मान मिळाला तो पोप ग्रेगरी पहिला याच्यामुळे. हा ५९० मध्ये पोप झाला, रोममध्ये प्लेगने माणसं मरत होती, आणि त्याच्या एका प्रवचनात तो म्हणतो की बाकी शिष्यांच्या विश्वासापेक्षा थोमाच्या अविश्वासाचा आपल्या विश्वासाला जास्त उपयोग झाला. हे आमच्या सर्मनमध्ये का येत नाही कुणास ठाऊक. हजारएक वर्षांनी, १६०० नंतर लगेचच, इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओने तो प्रसंग रंगवला, ते पेंटिंग आता जर्मनीत पॉट्सडामला आहे. थोमाचा कोट खांद्यावर उसवलेला, कपाळावर आठ्या, आणि येशूने स्वतः त्याचं मनगट धरून बोट जखमेत नेलेलं. मागचे दोन शिष्यही माना पुढे काढून तितकंच निरखून बघतायत, हे मला फार आवडतं.

रिफॉर्मेशनवाले, म्हणजे सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक, थोमावर जरा कडक होते. त्यांतल्या कॅल्विनने त्याला मठ्ठ आणि हट्टी ठरवलं, पण तोच कॅल्विन दुसरीकडे लिहितो की शंकेचा स्पर्श न झालेली खात्री आपल्याला माहीतच नाही. १५६३ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गची, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी आली, ती लिहिण्यात मुख्य हात असलेला उर्सिनुस तेव्हा अवघा २८ वर्षांचा. तिचा पहिलाच प्रश्न, जगताना आणि मरताना तुझा एकमेव दिलासा काय? आणि ४५ वा प्रश्न, ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा आपल्याला फायदा काय? उत्तर तीन गोष्टी सांगतं, की त्याने मरण जिंकून आपल्याला त्याच्या नीतिमत्त्वात वाटा दिला, आत्ताच आपल्याला नव्या जगण्यासाठी उठवतो, आणि आपणही उठू याची ही हमी. फायदा हा शब्द व्यापाऱ्यासारखा वाटतो खरा, पण घाबरलेला माणूस तेच विचारत असतो, मला याचं काय.

आपल्याकडे तर थोमा स्वतःच आला अशी परंपरा, इ.स. ५२, केरळचा किनारा. त्याच्या नावावरचं तिसऱ्या शतकातलं सिरियाक भाषेतलं एक लिखाण मोठं मजेशीर आहे, त्यात भारत वाट्याला आल्यावर थोमा सरळ नाही म्हणतो, मी हिब्रू माणूस, तिकडे जाऊन काय बोलू, आणि मग येशू त्याला एका व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकून टाकतो. इतिहास म्हणून ते घेऊ नका, पण गोष्ट रचणाऱ्यालाही थोमा कचरणाराच हवा होता. केरळात ईस्टरनंतरच्या रविवारला नवा रविवार म्हणतात, आणि पेरियार नदीकाठच्या मलयाट्टूरच्या डोंगरावर लोक लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन घोषणा देत चढतात, ज्याने शंका घेतली त्याच्याच नावाने.

मराठीत ही कथा १६१६ मध्ये राचोलला छापलेल्या ख्रिस्तपुराणात ओव्यांमधून आली, फादर स्टीफन्स यांची. पण या विषयात मला जास्त आठवतात त्या पंडिता रमाबाई. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) तिथल्या सिस्टरांना प्रश्न विचारून हैराण केलं, पटल्याशिवाय हो म्हणणार नाही हा स्वभावच. नंतर त्याच बाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. त्या कामातच १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पुस्तक छापून आलं १९२४ ला. मुलगी गेल्यानंतर पुनरुत्थानाची ती पानं त्यांनी पुन्हा वाचली असतील तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार मी बरेचदा करतो.

राहिला काकांचा प्रश्न. बायबलमध्ये उत्तर नाही, योहान फक्त म्हणतो की थोमा त्यांच्याबरोबर नव्हता. यंदा चपला घालता घालता त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "अरे दहा माणसं आत कोंडून बसलीयेत, सगळ्यांची टरकलेली. खाणार काय? कोणीतरी भाकरी आणायला बाहेर गेलाच असेल ना."

आणि मग चहाला गेले.